यंदाचा माझा गेम

नाशिक रोड,
रविवार, २९ डिसेंबर २०२४

प्रिय सच्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मी "यंदा बलाट्रो" म्हणालो आणि तू "पत्त्यांचा गेम? येडा झालास का?" एवढं बोलून फोन ठेवलास. तुला मीटिंग होती, मान्य. पण वर्षाचा आपला गेम सांगायचा तो कारणासकट, आणि समोर मिसळ असताना, ही आपली इतक्या वर्षांची रीत. या डिसेंबरात तू पुण्याहून हलणार नाहीस म्हणजे मिसळ राहिली. कारण तरी पूर्ण ऐक. मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून पत्र.

आधी नियमाचं बोलतो. बिटकोजवळच्या त्या कॅफेत तासाला १५ रुपये देऊन आपण रोड रॅश आणि काउंटर-स्ट्राइक खेळायचो, तेव्हाच तू ठरवलं होतंस की "सगळ्यात भारी कुठला" असं विचारायचं नाही, "आपला कुठला" असं विचारायचं. भारी ठरवायला जगभरचे लोक बसलेले आहेतच. यंदा त्यांनी ॲस्ट्रो बॉटला पहिला मान दिला आणि माझी काही तक्रार नाही. तुझ्या भाच्याकडे तासभर खेळलो, हातातला कंट्रोलर जिवंत असल्यासारखा वाटतो. पण तो मला बोलावत नाही. घरी आल्यावर त्याची आठवण येत नाही.

तू निवडलेला तो चिनी माकडाचा गेम, वुकाँग, मात्र मी मनापासून तोलला. दिवाळीत तुझ्याकडे खेळलो ते अजून डोळ्यांपुढे आहे. जंगलातला तो भल्यामोठ्या डोक्याचा राक्षस, त्यानं मला अकरा वेळा लोळवलं आणि तू मागे बसून चकली खात "थांब, मारू दे त्याला, मग मार" असं सांगत होतास. देवळांच्या भिंती, मूर्तींच्या चेहऱ्यावरची धूळ, काठी फिरवणारं ते माकड. आपल्यासारख्या मारुतीच्या देवळात वाढलेल्या माणसाला ते परकं वाटूच शकत नाही. तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, त्यात नवल नाही. तू तो निवडलास हे बरोबरच आहे. तुझ्याकडे तो कॉम्प्युटर आहे, रात्रीचे तीन तास आहेत. माझ्याकडे जेल रोड ते सातपूर अशी कंपनीची बस आहे. द्वारकेला सिग्नल लागला की पाऊण तासाचा सव्वा तास होतो. सप्टेंबरच्या शेवटी बलाट्रो मोबाइलवर आला आणि त्या बसमध्ये माझं वर्ष बदललं. हे मी उगाच मोठं करून सांगत नाही, पुढे वाच.

गेम काय आहे ते आधी नीट समजून घे, कारण नुसतं "पोकर" ऐकूनच तू फोन ठेवलास. हातात आठ पानं येतात. त्यातली जास्तीत जास्त पाच टाकायची. जोडी, तिय्या, एकाच रंगाची पाच, ओळीची पाच, जे जमेल ते. प्रत्येक प्रकाराला एक चिप्सचा आकडा आणि एक पट ठरलेला. पानांच्या चिप्स त्यात मिळवायच्या आणि पटीनं गुणायचं, बस्स. समज तुझ्याकडे बदामाची पाच पानं आली: एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चौकी. एक्क्याचे ११, राजाचे १०, बाकीची आपापल्या किमतीची, झाले ४१. एका रंगाचे ३५ आणि पट ४. म्हणजे ७६ गुणिले ४, ३०४. पहिला टप्पा ३०० चा असतो. एका हातात पार.

पण हे पहिल्या पाच मिनिटांचं. पुढे दर फेरीला आकडा चढत जातो. आठव्या फेरीच्या शेवटी एक लाख लागतात, आणि साध्या पानांनी तिथे कुणी पोचत नाही. तिथे जोकर लागतात. गेममध्ये दीडशे जोकर आहेत आणि प्रत्येक जण नियम थोडा वाकवतो. एकदा मला असा जोकर मिळाला की हातात धरून ठेवलेल्या प्रत्येक राजामागे पट दीडपट होतो. खेळलेल्या नाही, धरलेल्या! सगळं आयुष्य आपण राजा आला की आपटायला शिकलो, आणि इथे राजे हातात दाबून ठेवायचे आणि फालतू जोडी टाकायची. चार राजे हातात असले की पट पाचपटीच्या वर जातो. मी गेममधल्या दुकानातून राजेच गोळा करत सुटलो. सातव्या फेरीच्या शेवटी ७० हजार हवे होते. आणि समोर "हुक" आला. तुम्ही पानं टाकली रे टाकली, की तो हातातली कुठलीही दोन पानं ओढून नेतो. माझे राजे एकेक करून गेले. बस द्वारकेलाच उभी होती तेव्हा.

चिडलो. पण चिडून विचार करायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की हा हुक येणार हे फेरी सुरू व्हायच्या आधीच पाटीवर लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. तरी दोन दुकानं आधी एक चांगला जोकर विकून राजांवरच सगळा भार टाकला. चूक कुठे झाली, कुठल्या क्षणी झाली, ते बोट ठेवून दाखवता येत होतं. मी दिवसभर क्वालिटीला पीस मोजत बसतो, रिजेक्शनचं कारण सापडलं नाही की मला जेवण जात नाही. हरल्यावर कारण हातात देणारा गेम मला तरी दुसरा आठवत नाही. नशीब आहे त्यात, भरपूर आहे, पण ते समोरून येतं, मागून नाही.

आणि संगीत. एकच धून, पुन्हा पुन्हा, तरी कंटाळा येत नाही. तू आठ वर्षं तबला शिकलास, एकदा ताल मोजून बघ. सात मात्रा येतील. आपल्या रूपकासारखं काहीतरी आहे ते, म्हणून डोकं हलत राहतं आणि सम नक्की कुठे ते कळत नाही. बोटांनी मोजून मला कळव.

संगीत सोडलं तर हे जवळजवळ सगळं एका माणसानं केलंय. कॅनडातला आहे, लोकलथंक या नावानं वावरतो, खरं नाव सांगत नाही. २०२१ च्या शेवटाला हौस म्हणून बसला आणि यंदा फेब्रुवारीत गेम आला. पहिल्या महिन्यातच दहा लाख प्रती. परवाच्या गेम अवॉर्ड्समध्ये तुझ्या वुकाँगच्या शेजारी याचं नाव होतं, शेकडो माणसांच्या कंपन्यांच्या रांगेत. तीन बक्षिसं घेऊन गेला. मी सकाळच्या बसमध्ये ते वाचलं आणि शेजारच्याला विनाकारण पेढा द्यावासा वाटला.

आता आईचं. हेच खरं कारण, आणि फोनवर सांगता येत नव्हतं.

आमच्या मामाचं तुला अर्धं माहिती आहे. दोन वर्षांपूर्वी निफाडला द्राक्षाचं पेमेंट आलं आणि महिन्याभरात संपलं. फोनवरच्या पैसे लावायच्या रमीत. कुठल्या ॲपवर ते विचारू नकोस. रात्री गोठ्याच्या कडेला बसून खेळायचा म्हणे. मामीला कळलं तेव्हा खताचीही उधारी थकली होती. त्याला अजून सांगता येत नाही की तो नेमका कशामुळे हरत गेला. "पानं पडली नाहीत" एवढंच म्हणतो. त्या आठवड्यात आईनं आपल्या कपाटातला पत्त्यांचा कॅट काढला आणि सकाळी घंटागाडीत टाकला. माझी आई, सच्या! जिच्या पुढ्यात बसून आपण मेंढीकोट शिकलो. कुठली मेंढी पडली आणि कुठली कुणाच्या हातात आहे हे तिला पानं न बघता कळायचं. गणपतीच्या जागरणाला तिच्या जोडीला बसायला गल्लीतल्या बायका भांडायच्या. "या घरात पान दिसता कामा नये," असं म्हणाली, आणि दिसलं नाही.

म्हणून मी बलाट्रो फक्त बसमध्ये खेळायचो. नोव्हेंबरात एका सुट्टीच्या दिवशी ओट्यापाशी चहा होईपर्यंत उघडला आणि ती मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर किलवरची राणी. काही बोलली नाही. चहा ओतला, माझा कप ठेवला आणि आत जाऊन बसली. अरे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आत गेलो आणि फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, पैसे टाकायची जागा शोधून दाखव. एकदा विकत घेतला, त्यानंतर एक रुपया मागत नाही, जाहिरातही नाही. ती खरंच शोधत बसली, चष्मा लावून. मग विचारलं, "जिंकलास की काय मिळतं?" म्हटलं, काहीच नाही. "आणि हरलास की?" पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा तिला त्या माणसाचं सांगितलं. त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की आपला गेम कुठल्याही जुगाराच्या कंपनीला कधीही विकायचा नाही, वापरायलाही द्यायचा नाही. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्या घरात कुणीतरी हरलेलं असणार." ते खरं की खोटं मला ठाऊक नाही. पण तिनं त्याला आपल्यातला मानला, एवढं मला दिसलं.

(आणि याच गेमला यंदा युरोपात अठरा वर्षांवरचा शिक्का मारला, पोकरचे हात शिकवतो म्हणून! पैसे टाकून बंद पाकिटं फोडायला लावणारा फुटबॉलचा गेम मात्र यंदा तीन वर्षांच्या पोराला चालला. माझा नुसता संताप झाला.)

त्या संध्याकाळी मी तिला जोकरांचा क्रम समजावत होतो. जोडी आहे दोन राजांची: जोडीचे १० आणि राजांचे २०, चिप्स ३०, पट २. दोन जोकर आहेत. एक पटात चार मिळवतो, दुसरा जोडी असली की पट दुप्पट करतो. हिशेब डावीकडून उजवीकडे होतो. मी दुप्पटवाला आधी ठेवला होता. दोन दुणे चार, अधिक चार, आठ. तीस आठे दोनशे चाळीस, आणि ३०० हवेत. मी पान बदलायच्या विचारात होतो. आईनं भिशीचा हिशेब करताना करते तसं ओठ हलवले आणि म्हणाली, "याला इकडे घे. आधी मिळव, मग दुप्पट कर." बोट लावून तिनंच सरकवला. दोन अधिक चार सहा, सहा दुणे बारा, ३६०. पानं उडाली, आकडा पेटला आणि ती इतक्या जोरात हसली की बाबा बाहेरून पेपर घेऊन आत आले.

आता रोज विचारते, "आज कुठवर गेलास?" परवा आठव्या फेरीला पोचवलं तिनंच, मी नुसता धरून होतो. राजांवर तिचा विश्वास नाही. तिचा सगळा डाव दश्शीवर असतो, मेंढी ती मेंढी.

तेव्हा सांग, मी दुसरा कुठला गेम निवडायचा होता? वुकाँगनं मला दिवाळीचे दोन दिवस दिले, फार सुंदर दिले. यानं माझ्या आईच्या हातात परत पानं दिली. तुझाच नियम आहे, "आपला कुठला".

मागच्या शनिवारी ती माझ्याबरोबर रविवार कारंजावर आली होती. तिळाची चौकशी केली, हलव्याची केली, आणि येताना एका दुकानापुढे थांबून मला म्हणाली, "एक कॅट घे. प्लॅस्टिकचा नको, बोटाला लागत नाही." घरी आणून तिनं तो टीव्हीखालच्या खणात ठेवलाय, अजून फोडलेला नाही. मेंढीकोटला चौघं लागतात आणि आम्ही तिघंच. संक्रांतीला येतोस ना? मंगळवारी आहे, सोमवारची रजा टाकलीस की चार दिवस होतात. तुझ्या जोडीला मी बसणार नाही, आईनं आधीच तुला मागून घेतलंय.

काकूंना नमस्कार, चिनूला पापा. रूपकाचं मोजून सांग.

तुझा,
गण्या