विरोधी पक्षनेत्याची खुर्ची भरा

माननीय संपादक,

नव्या सरकारचे पहिले पावसाळी अधिवेशन १८ जुलै २०२५ ला संपले. शहरी नक्षलवादाला आळा घालायला म्हणून आणलेले जनसुरक्षा विधेयक १० तारखेला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत. तिथे विरोधकांनी सभात्याग केला. याच विधेयकासाठी २५ जणांची संयुक्त समिती होती, बारा हजारांवर सूचना आल्या होत्या, समितीत विरोधी पक्षांचे मोठे नेतेही होते. मग ऐन वेळी बाहेर का पडायचे? विरोध आहे तर कलमागणिक दुरुस्त्या मांडा, मत मागा, तुमचा शब्द कामकाजात नोंदवा. पायऱ्यांवरच्या घोषणा संध्याकाळच्या बातम्यांपुरत्याच उरतात.

तरीही मला जास्त राग सरकारचा आहे. विधानसभेला विरोधी पक्षनेताच नाही. २८८ च्या सभागृहात एक दशमांश जागा लागतात, असे सांगितले जाते. विरोधकांत सर्वांत मोठ्या शिवसेनेकडे (उद्धव ठाकरे) २० आमदार आहेत. पण विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा आपला १९७८ चा कायदा वाचा, त्यात दहा टक्क्यांची अट नाही. सर्वांत जास्त सदस्य असलेल्या विरोधी पक्षाचा नेता आणि त्याला अध्यक्षांची मान्यता, एवढेच आहे. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी अवघे ३ आमदार असलेल्या भाजपला हे पद मिळाले. ते दिलदारपणे दिले गेले, तसे इथे का नको? शिवसेनेने (उद्धव ठाकरे) या पदासाठी सुचवलेले भास्कर जाधव यांचे नाव मार्च २०२५ पासून पडून आहे.

हे सगळे मला का बोचते ते सांगते. नाशिकच्या गंगाघाटावर, रामकुंडाजवळ माझे पूजासाहित्याचे दुकान आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागायच्या आत नारळाची पोती, तांब्याच्या लोट्या, कापूर-अगरबत्तीचे खोके वर हलवावे लागतात. आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण आहे, २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. त्यासाठी २०२५ मध्ये कुंभमेळा प्राधिकरण आले, त्याचे अध्यक्ष विभागीय आयुक्त. अधिकारी चांगले असतीलही. पण घाटावरच्या दुकानदारांना कुठे हलवणार, किती दिवस, माल ठेवायला जागा कोण देणार, हे विचारायचे कुणाला? महापालिकेत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. पालकमंत्र्यांची नेमणूक जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित झाली. जिल्ह्यातल्या १५ आमदारांपैकी १४ सत्ताधारी बाजूचे. त्यात मी मत दिलेलेही आले. आपल्याच सरकारला सभागृहात अडचणीचा प्रश्न किती जण विचारतील?

२००३ च्या सिंहस्थात याच भागात चेंगराचेंगरीत माणसे गेली. काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणारे बोळ आजही तितकेच अरुंद आहेत. गर्दी कुठे थोपवणार, परतीची वाट कोणती, हे प्रश्न मेळा संपल्यावर चौकशी आयोगापुढे निघण्यापेक्षा आधी विधानसभेत निघालेले बरे. ते अधिकाराने विचारायलाच विरोधी पक्षनेता लागतो.

 पुढच्या अधिवेशनाआधी अध्यक्षांनी जाधव यांच्या नावावर निर्णय द्यावा. आणि विरोधकांनी सिंहस्थाच्या कामांवरचे तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) आत्तापासून तयार करावेत. घाटावर येऊन आम्हाला विचारले तर निम्मे आम्हीच देऊ.

– एक पूजासाहित्य विक्रेती, पंचवटी, नाशिक