हिरड्यांच्या जंतूंना साखरेचं काय हो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल तुमच्या आरोग्य पुरवणीतला हिरड्यांवरचा लेख वाचला आणि कालचा अख्खा दिवस डोकं फिरलेलं होतं म्हणून आज लिहितोय. "हिरड्यांच्या आजाराचे जंतू साखरेवर जगतात, साखर तोडा, हिरड्या आपोआप बऱ्या होतील." छान. लेखकाने दाताची कीड आणि हिरड्यांचा आजार दोन्ही एकाच पोत्यात भरून वर सुतळी बांधून टाकलीय. कीड लावणारे जंतू साखर खातात, तिचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, इथपर्यंत लेख बरोबर आहे, त्याला कोण नाही म्हणतंय. पण हिरड्यांचा प्रकार वेगळा आहे हो, आणि हे मला पुस्तकातून नाही कळलं, घरात भोगून कळलंय.

आमचे आप्पा, वय ७४, जन्मभर ऊस लावलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच पेपरात असाच एक लेख आला होता (तेव्हा फोटो मोठा होता, मजकूर कमी), तो त्यांनी कात्रण काढून फ्रिजवर चिकटवला आणि त्या दिवसापासून साखर बंद. कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरात बिनसाखरेचा चहा! दिवाळीत नातीने करंजी तोंडाजवळ नेली तरी मान फिरवली. आणि एवढं करून हिरड्यातनं रक्त यायचं ते यायचंच. मग ब्रश लागला की रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रशच बंद केला, बोटाने मीठ लावायचे. घरातल्या कुणी काही म्हणलं की ऐकवायचे, "साखर सोडली की रे, अजून काय सोडू, श्वास?" आम्हीही गप्प, कारण छापून आलेलं होतं ना.

दीड वर्षाने खालची दाढ हलायला लागली तेव्हा मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ती बारीक खुणा असलेली सळई हिरडी आणि दाताच्या फटीत हळूच घातली आणि बाजूच्या मुलीला आकडे सांगायला लागले, पाच, सहा, सहा, सात. मिलिमीटर. चांगल्या हिरडीत ते १ ते ३ असतात म्हणे. प्रत्येक आकड्याला आप्पांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळायची आणि सळईवर रक्त. डॉक्टरांनी डायबेटिससाठी रक्तही तपासायला लावलं, कारण डायबेटिसमध्ये हिरड्या लवकर बिघडतात, म्हणजे रक्तातल्या साखरेचा संबंध आहे, नाही असं नाही. पण रिपोर्ट नॉर्मल. मी कात्रणाची गोष्ट सांगितली तर डॉक्टर हसले आणि म्हणाले, आजोबा, तुमच्या हिरडीतले जंतू साखर खातच नाहीत, ते तुम्हाला खातायत.

नंतर भाचीने (मायक्रोबायोलॉजीला आहे) सगळं नीट सांगितलं. यातला मुख्य जंतू पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस. हवा त्याला सोसत नाही, म्हणून तो त्या खोल फटीत दडून बसतो, गोबरगॅसच्या टाकीत कसं बिनहवेचं काम चालतं तसंच. ऊर्जेसाठी साखर त्याच्या जवळपास उपयोगाची नाही. त्याला प्रोटीन लागतं. त्याच्याकडे जिंजिपेन नावाचे कात्रीसारखे एन्झाइम आहेत, त्यांनी तो आपल्या हिरडीतलं, रक्तातलं प्रोटीन कापतो, बारके तुकडे आत ओढतो आणि त्यातली अमिनो आम्लं फोडून त्यावर जगतो. आपण खाल्लेल्याची ऊर्जा काढताना शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो, याच्याकडे ऑक्सिजन नाही तर हा ते फ्युमरेट नावाच्या पदार्थाच्या गळ्यात मारतो. आणि मधल्या वाटेवर एक पंप आहे जो सोडियम पेशीबाहेर ढकलतो, बाहेर सोडियम साठला की त्याच्या आत यायच्या जोरावर पेशीची कामं होतात. भाची म्हणाली, मामा, आपली म्हैसाळची पाणी उपसा योजनाच समज, आधी वर उचलायचं आणि मग उतारावर सोडायचं. (फक्त याचं लाईट बिल थकत नाही.)

आणि वास! हे मला सगळ्यात जास्त लागलं म्हणून लिहितो. आप्पांच्या तोंडाला वास यायला लागला तेव्हा नात त्यांच्या मांडीवर बसायची बंद झाली, आणि आम्ही त्यांना म्हणायचो की आप्पा, चूळ भरत नाही का नीट. तो वास म्हणजे त्या जंतूच्या चुलीचा धूर होता. अमिनो आम्लं फोडून झाली की जे उरतं ते तो बाहेर टाकतो, त्यात ब्युटिरिक आम्ल असतं, खवट तुपाला जो वास येतो तोच, शिवाय अमोनिया आणि गंधकाचे वायू, सडक्या अंड्यासारखे. बिचारा माणूस लवंगा चघळत बसायचा.

रक्ताचं तर आणखीनच उलटं. या जंतूला लोह पाहिजे आणि ते तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमधून घेतो. लॅबमध्ये रक्त घातलेल्या प्लेटवर वाढवला की काही दिवसांनी ठिपके काळे पडतात, भाचीने फोटो दाखवला, डांबराचे थेंब पडल्यासारखे. म्हणजे हिरडी सुजली, रक्त आलं, प्रोटीनवालं पाणी पाझरलं की याला ताट वाढून मिळालं, तो वाढला की सूज अजून, परत ताट. आणि आप्पा नेमका तिथलाच ब्रश सोडून, दातावर कीट दगडासारखं चढू देऊन, वर चहा कडू पीत बसले होते!! तुमच्या कालच्या लेखात रोज फटीतून साफ करा, कीट काढून घ्या, यावर एक ओळ नाही. एक. साखरेवर तीन परिच्छेद. कीट काढलं की दात हिलतात असं आमच्या गल्लीत अजून म्हणतात, ते तरी खोडायचं होतं.

आप्पांचे चार दात गेले, बाकीचे साफसफाईने राहिलेत. चहात साखर परत दोन चमचे चालू झाली, तेवढ्यावरून घरात भांडणही झालं. तुम्ही कालच्या लेखाची दुरुस्ती छापाल असं मी मुळीच धरून चाललेलो नाही, पण छापलीत तर कृपा करून फोटो लहान आणि अक्षर मोठं ठेवा, कात्रण फ्रिजवर लागतंय.

आणि अजून एक, शब्दकोड्याखाली "उत्तरे पान ६ वर" असं छापता आणि पान ६ वर गेला आठवडाभर नुसत्या निविदा आहेत. आप्पा रोज चष्मा लावून त्या निविदांमध्ये उत्तरं शोधतायत. तेवढं बघा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
विश्रामबाग, सांगली