धनूचे अमेरिकेचे अर्ज आणि घरावरचं कर्ज: आई-बाबांना पत्र

पुणे, १० जून

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घराच्या कागदांवर कर्ज काढायचं का, हा बाबांचा प्रश्न फोनवर नीट सुटला नसता, म्हणून लिहिते. आत्ता काढू नका. धनू मास्टर्सला जाते की पीएच.डी.ला, यावर ते ठरेल.

औद्योगिक मानसशास्त्राच्या पीएच.डी.ला तिकडे साधारण पाच वर्षं धरायची, पण बहुतेक चांगल्या विभागांत फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळतं. राहणं-खाणं भागतं, शिल्लक फार पडत नाही. दोन वर्षांच्या मास्टर्सची फी मात्र बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. जानेवारी २०२२ पासून हा विषय अमेरिकेच्या स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या, यादीत आहे, त्यामुळे शिक्षणानंतर एक अधिक दोन अशी तीन वर्षं तिथे काम करायची सोय आहे. सोय आहे, हमी नाही. नोकरी लागेलच असं धरून हप्त्याचा हिशेब मांडू नये.

आत्याला सांगा, मानसशास्त्र म्हटलं तरी हा दवाखान्यातला विषय नाही. कामावर कुणाला घ्यायचं, त्याला कसं शिकवायचं, काम कसं मोजायचं, रात्रपाळीत अपघात का वाढतात, असले प्रश्न यात येतात, आणि उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. बाबांना हे पटकन कळेल. फाउंड्रीत मोल्डिंगची, म्हणजे साचे करायची, एकच वाळू दोघांनी तपासली आणि ओल वेगवेगळी आली, तर तुम्ही वाळूआधी मोजमापावर संशय घ्यायचा. धनूच्या पुस्तकात त्याला विश्वसनीयता म्हणतात. आणि आकडा दरवेळी तोच आला, पण कास्टिंगमध्ये हवेने पडणाऱ्या पोकळ्यांशी, म्हणजे ब्लोहोलशी, त्याचा काही संबंध लागेना, तर तो काय कामाचा? ती सप्रमाणता. माणसं निवडायच्या चाचण्यांना हेच दोन प्रश्न विचारायचे असतात.

यातला एक वाद धनूला तोंडपाठ नव्हे, समजून यायला हवा. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी जुने अभ्यास एकत्र करून बुद्धिचाचणी आणि संरचित मुलाखत, दोन्हींची सप्रमाणता ०.५१ दाखवली (० म्हणजे कामाशी काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत). संरचित म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, आणि गुण कसे द्यायचे ते आधीच ठरलेलं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या हिशेबात एक सांख्यिकी दुरुस्ती गरजेपेक्षा सढळ हाताने केली होती. त्यांच्या आकड्यांत मुलाखत ०.४२ वर आली आणि बुद्धिचाचणी ०.३१ वर. आकडे का उतरले, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येणारी मुलगी प्राध्यापकांच्या लक्षात राहते.

आता क्लासचं. राजारामपुरीतल्या त्या जाहिरातीला भुलू नका. जीआरई, म्हणजे तिकडच्या प्रवेशासाठीची परीक्षा, सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांची झाली आहे आणि बरीच विद्यापीठं ती मागतही नाहीत. गणित बरंचसं शाळेतलंच. दीड-दोन महिने रोज दोन तास बसली तर घरच्या घरी होईल. एकदा बिनसलं तर २१ दिवसांनी परत देता येते, गुण पाच वर्षं चालतात. ‘ॲडमिशन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांपैकी काहींचं ठरावीक विद्यापीठांशी कमिशन असतं. ते तिथलंच नाव सुचवणार.

खरा जोर एम.ए.च्या प्रबंधावर लावायचा. फाउंड्रीतल्या कामगारांचं कामातलं समाधान आणि गैरहजेरी, हा तिचा विषय चांगला आहे, पण तीन ठिकाणी तो फसू शकतो.

एक, फॉर्म सुपरवायझरच्या हातून वाटले तर सगळे ‘पूर्ण सहमत’वर टिक करून मोकळे होतील. फॉर्म तिने स्वतः, जेवणाच्या सुट्टीत, बंद पेटी ठेवून घ्यावेत. इंग्रजी प्रश्न मराठीत आणल्यावर, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून ताडून पाहावेत.

दुसरं, समाधानही त्याच फॉर्मवर विचारायचं आणि रजा किती घेतल्या तेही त्यावरच, असं केलं की दोन्हींचा संबंध नसला तरी दिसू लागतो. गैरहजेरी मस्टरवरूनच घ्यावी. पण मस्टर जोडायचं तर फॉर्म कुणाचा ते कळायला हवं, आणि नाव लिहायला सांगितलं की कामगार खरं लिहीत नाही. म्हणून कोड नंबर. नाव आणि कोडची यादी फक्त धनूकडे राहील, कंपनीला दाखवायची नाही, हे आधी लेखी ठरलेलं असावं.

राहिली संख्या. चाळीस फॉर्मांत काही हाती लागत नाही. समाधान आणि गैरहजेरी यांच्यात ०.३० इतका सहसंबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) असेल, तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के ठेवायला सुमारे ८५ पूर्ण भरलेले फॉर्म लागतात. अर्धवट भरलेले बाद होणार, म्हणून सव्वाशे वाटावेत. विश्लेषण ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये करावं. ते फुकट आहे आणि तिकडे सर्रास वापरतात.

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. बाबा, कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचं पत्र नको. त्यांनी तिचं काम पाहिलेलं नाही, आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. प्रबंधाच्या मॅडम आणि शिकवलेले दोन सर पुरेत. पत्र ते स्वतः लिंकवरून भरतात, ती लिंक हमखास स्पॅममध्ये जाते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात धनूने भेटून आठवण करावी.

पीएच.डी.ला प्रवेश विभागापेक्षा प्राध्यापक देतो म्हटलं तरी चालेल. मिनेसोटा, मिशिगन स्टेट, बोलिंग ग्रीन ही नावं मोठी आहेत, पण तिच्या विषयावर काम करणारं, यंदा विद्यार्थी घेणारं कुणी तिथे नसेल तर अर्जाची फी वाया. सप्टेंबरमध्ये चार ओळींचा मेल करून विचारावं. ‘मला लहानपणापासून माणसांची आवड’ हे वाक्य अर्जातून काढायला लावा. पीएच.डी.च्या मुदती बहुतेक १ डिसेंबरच्या आसपास असतात, मास्टर्सच्या त्यानंतर मार्चपर्यंत. विद्यावेतनासह जागा मिळाली तर उत्तर द्यायला सहसा १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. कर्जाचा विषय तेव्हा काढू.

आई, तुझ्याकडे एक काम. धनूचा पासपोर्ट आणि दहावीपासूनची मार्कशीट शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. फरक असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका. नुसत्या तीन वर्षांच्या बी.ए.वर काही विद्यापीठं अडतात, त्यामुळे बी.ए. आणि एम.ए. दोन्हींची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, शिवाजी विद्यापीठातून काढून ठेवायची. बँकेचे कागद प्रवेश मिळाल्यावर लागतील. एफडी मोडू नका.

आणि बाबा, शिरोलीतल्या तुमच्या जुन्या शॉपमध्ये फॉर्म भरून घ्यायला आणि मस्टर बघायला परवानगी हवी आहे. तुम्ही मॅनेजरांशी बोलाल का? गणपतीच्या आत झालं तर बरं, पुढे दिवाळीपर्यंत डिस्पॅचच्या गडबडीत त्यांना वेळ मिळायचा नाही. एका पानाचं परवानगीपत्र धनूने लिहून ठेवलंय. जाताना ते न्या, आणि मस्टरचे गेल्या सहा महिन्यांचे उतारे मागा.

तुमची,
मंजू