तळमळ ठीक, पण टाइमशीटचे काय?

महोदय,

स्वयंसेवी क्षेत्रातील करिअरविषयी छापून येणारा बहुतेक मजकूर ‘तळमळ हवी’ इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. तळमळीचा तुटवडा या क्षेत्रात कधीच नव्हता. इथे मूल्यांची परीक्षा होते ती व्हाउचर, हजेरीपत्रक आणि अहवालात, आणि ते कुणी सांगत नाही.

वाट साधारण ठरलेली असते: क्षेत्रीय कार्यकर्ता, प्रकल्प समन्वयक, कार्यक्रम व्यवस्थापक, क्वचित संचालक. घसरायला होते ते दुसऱ्या पायरीवर. लोकांत चांगले काम करणाऱ्याला बढती मिळते, पण मंजूर बजेट आणि प्रत्यक्ष खर्च दर महिन्याला शेजारी ठेवून वाचायला त्याला कुणी शिकवत नाही. अनेक करारांत खर्चाच्या एका शीर्षातील रक्कम दुसरीकडे ठरावीक मर्यादेपलीकडे (बऱ्याचदा १० टक्के) वळवायची तर निधी देणाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी लागते. हे वर्षअखेरीस लक्षात आले की मग बिले ‘बसवली’ जातात. चोरी कुणीच केलेली नसते, तरी हिशेब खोटा झालेला असतो.

टाइमशीटचेही तेच. एकच माणूस दोन प्रकल्पांत असेल, तर त्याचे तास रोजच्या रोज लिहिले पाहिजेत. महिनाअखेरीस बजेटकडे बघून भरलेली टाइमशीट ऑडिटर लगेच ओळखतो, कारण सगळे आकडे फार गोल असतात. लाभार्थ्यांच्या आकड्यात तर याहून सोपी फसगत आहे. तीन प्रशिक्षणांना आलेली एकच बाई अहवालात तीन बायका होते. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक देऊन यादी ठेवली की हा फुगवटा आपोआप उतरतो. अर्थात मग आकडा लहान दिसतो आणि तो तसाच पाठवायला धैर्य लागते.

मूल्ये मोजता येत नाहीत, हा समज आपत्तीनिवारणातल्या लोकांनी केव्हाच खोडून काढला आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्फिअर’ उपक्रमाने माणसाची प्रतिष्ठा म्हणजे काय, हे किमान मानकांत लिहून ठेवले: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत, सामायिक शौचालय जास्तीत जास्त २० जणांमागे एक, आणि बायकांसाठीची शौचालये पुरुषांच्या तिप्पट. छावणीत पाणी १५ लिटरच्या खाली गेले की कुणाच्या तळमळीची चर्चा करत बसावे लागत नाही.

पगाराबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. निधी बहुधा प्रकल्पापुरता बांधलेला असतो. प्रकल्प संपला की नोकरीही संपते. त्यातून भाडे, लेखापाल, प्रशिक्षण यांसाठी फारसे काही सुटत नाही, कारण ‘प्रशासकीय खर्च कमी म्हणजे संस्था चांगली’ हा देणगीदारांचा लाडका निकष आहे. स्वयंसेवी संस्थांची माहिती देणाऱ्या आणि त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संघटनांनी २०१३ साली जाहीर पत्र लिहून, केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका, असे देणगीदारांना सांगितले. निकष तरीही जिवंत आहे.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्यांनी उलट प्रश्न विचारावेत. माझा पगार कोणत्या निधीतून येणार आणि तो केव्हा संपतो? राखीव निधी किती महिन्यांचा आहे? खरेदीची मागणी करणारा, मंजुरी देणारा आणि पैसे देणारा अशी तीन वेगळी माणसे आहेत का? मुलांची छायाचित्रे छापण्यापूर्वी पालकांची संमती कोण घेते? अटी कामाच्या आड आल्या म्हणून संस्थेने एखादी देणगी नाकारली आहे का? शेवटच्या प्रश्नाला संचालक उदाहरण देऊन उत्तर देत असतील, तर पगार थोडा कमी असला तरी तिथे जावे.

पुढच्या करिअर पुरवणीत संस्थाचालकांच्या मुलाखतीशेजारी एखाद्या संस्थेच्या लेखापालाचीही मुलाखत छापावी, ही विनंती.

— स्वयंसेवी क्षेत्रातील एक वाचक