आधी सभासद कोण, ते बघ

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "कामगारांच्या हाती कारखाना गेला की त्याला कुलूपच लागतं." ते मला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्या दोघांच्याही आया बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, बाजूला भिजवलेलं पान, कात्री, दोरा. माल घेऊन गेल्या की तपासणारा मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला सारायचा. त्यांची मजुरी नाही आणि बिड्याही परत नाहीत. पान कमी पडलं तर पदरचे पैसे घालून आणायचं. कमी मजुरीपेक्षा मला त्या छाटीचा राग जास्त येतो. चांगलं-वाईट ठरवणारा एकच आणि त्यात फायदाही त्याचाच!

केरळात कन्नूरला हीच बिडी, हेच हात. 1966 साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला. केरळ सरकार तो लागू करायला निघालं, तेव्हा 1968 मध्ये मंगळूरच्या बड्या कारखानदाराने कन्नूरकडचं कामच बंद केलं. हजारो लोक रस्त्यावर आले. त्यातून फेब्रुवारी 1969 मध्ये 'केरळ दिनेश बिडी' ही सहकारी संस्था उभी राहिली. शेअर 20 रुपयांचा. तेवढेही कामगारांकडे नव्हते, सरकारने कर्जाऊ दिले. सरकारचा हात होताच, ते मी नाकारत नाही. पण पुढे रोजचा कारभार कामगारांनी निवडलेल्या मंडळांनी चालवला. बोनस, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा, सगळं मिळू लागलं. वळताना एकजण मोठ्याने पेपर वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या बिड्या बाकीचे वळून द्यायचे. हे मला फार आवडतं.

नव्वदीनंतर बिडीचा खप घसरला. तंबाखू वाईटच, ती घसरायलाच हवी होती. माणसं कमी झाली, पण संस्थेने गाशा गुंडाळला नाही. खाद्यपदार्थ, छत्र्या, सॉफ्टवेअरसुद्धा करून पाहिलं.

तू म्हणशील, सहकार आपल्याकडे काय कमी आहे? अरे, साखर कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा शेतकरी. ऊस तोडणारा मात्र मुकादमाच्या उचलीत अडकलेला, त्याला ना शेअर ना मत. म्हणून मी आधी सभासद कोण, ते विचारतो.

आता कामाचं. आपल्या गल्लीतल्या बायका ठेकेदाराकडून गणवेश शिवायला आणतात. तो नगावर पैसे देतो आणि टाक्यात खोट काढून कापतो. त्यांना स्वतःची संस्था काढायची आहे. हिशेब तुला कळतो, तिथे माझं काही चालत नाही. उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या नियमांचा, मसुदा सोबत जोडलाय. सभासदत्वाचं कलम बारकाईने वाच. जी मशीनवर बसते तिलाच शेअर, ठेकेदाराच्या पाहुण्यारावळ्यांना नाही, एवढं पक्कं व्हायला हवं. माल नापास करायचा अधिकार कुणाला आणि त्यावर दाद कुठे मागायची, तेही लिहून काढ. दिवाळीच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा आहे, तेव्हा उशीर करू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र