कंटेनरची चावी कोणाकडे?

रविवारच्या पुरवणीत ‘शांतता करार म्हणजे नुसता कागद’ अशा सुराचा लेख वाचला, पटला नाही. आफ्रिकेतल्या अंगोलाचं उदाहरण खरंय, १९९१ला सरकार आणि बंडखोरांमध्ये करार झाला, १९९२ला निवडणूक झाली, निकाल मनासारखा लागला नाही म्हणून बंडखोरांचे नेते साविंबींनी तो मानलाच नाही आणि लढाई पार २००२पर्यंत चालली, पण मतदान झालं तेव्हा दोन्हीकडच्या फौजा पूर्ण मोडलेल्याच नव्हत्या हे लेखात कुठेच नाही. मग दोष कराराचा की घाईचा?

नेपाळ बघा ना. सरकार आणि माओवादी बंडखोरांमधल्या नोव्हेंबर २००६च्या करारानंतर माओवाद्यांच्या बंदुका छावण्यांमधल्या कंटेनरमध्ये कुलूपबंद केल्या, चावी त्यांच्याच कमांडरकडे, देखरेख युनोची, आणि नेपाळी लष्करानेही तेवढीच हत्यारं कुलपात टाकली. कोणालाच आपण हरलो असं वाटू नये म्हणून काढलेली ही आयडिया मला तरी भारी वाटते! तपासणीत १९ हजारांवर लढवय्ये पात्र ठरले, शेवटी लष्करात गेले दीड हजारांपेक्षाही कमी, बाकी बहुतेक रोख रक्कम घेऊन घरी. सहा वर्षं रडतखडत चाललं सगळं, पण युद्ध परत पेटलं नाही.

आमच्या सोसायटीचा वॉचमन रोल्पाचा, म्हणजे जिथून ते युद्ध सुरू झालं तिकडचाच. त्याला विचारलं तर गेटचं रजिस्टर बंद करत म्हणाला, “साब, लडाई तो रुक गई, काम नहीं मिला, इसलिए इधर.” लेखकाने पुढचा लेख यावर लिहावा.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई