मोटर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर जुन्या स्पोर्ट्‌स कारविषयी आलेला लेख इंग्लंडमध्ये बसून आवडीने वाचला. बॉनेटमधून वर येणाऱ्या आणि काम झाले की आत जाणाऱ्या हेडलाइटचा त्यात उल्लेख आहे आणि दिवा वर येईनासा झाला की मोटर बदलावी लागते, असे एका वाक्यात सांगून विषय संपवला आहे. या एका वाक्याबद्दल मला तक्रार आहे. ते वाचून कोणी चांगली मोटर भंगारात टाकू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अशा दिव्यांची सुरुवात १९३६ च्या कॉर्ड ८१० या अमेरिकन गाडीने झाली. त्यात चालकाला हाताने दांडा फिरवून दिवे बाहेर काढावे लागत. पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक होत गेले तसे हे दिवे मागे पडले आणि २००४ मध्ये लोटस एस्प्री व शेवरोले कॉर्व्हेट सी-५ या गाड्यांबरोबर त्यांचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज जी मूळ मोटर गाडीत शाबूत आहे, ती जपणे हेच शहाणपणाचे आहे.

मी माझदा एमएक्स-५ या जपानी स्पोर्ट्‌स कारच्या पहिल्या पिढीपुरतेच सांगतो, कारण माझा नित्याचा संबंध तिच्याशीच आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम दिसली आणि १९९७ पर्यंत याच रूपात बनत राहिली. तिच्या प्रत्येक हेडलाइटला स्वतंत्र मोटर आहे. ही मोटर एकाच दिशेने अर्धा फेरा फिरते आणि शिवणयंत्राच्या पायट्याला चाकाशी जोडणाऱ्या दांडीसारखी एक छोटी दांडी त्या फेऱ्याचे वर-खाली हालचालीत रूपांतर करते. अर्धा फेरा पूर्ण होताच मोटरच्या आतल्या चकतीवरील संपर्क तुटतो आणि ती थांबते. ही रचना ध्यानात घेतली की बिघाड कोठे आहे, याचा निम्मा अंदाज गाडीला हात न लावताच येतो.

पहिला प्रश्न एवढाच, की एक दिवा अडला आहे की दोन्ही? दोन्ही मोटरी एकाच दिवशी जळणे फार दुर्मीळ आहे. त्यामुळे दोन्ही दिवे हलत नसतील तर फ्यूज, रिले (मोटरकडे जाणारी वीज चालू-बंद करणारा विद्युत खटका) आणि बटण आधी पाहावे. एकच दिवा अडला असेल तर त्या बाजूचे कनेक्टर, अर्थिंग (वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारा, गाडीच्या पत्र्याशी असलेला जोड) आणि मग मोटर, असा क्रम ठेवावा. त्यानंतर बॉनेट उघडून, दुसऱ्या कोणाला तरी डॅशबोर्डवरचे बटण दाबायला सांगावे व कान देऊन ऐकावे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दिवा हलत नाही, याचा अर्थ दांडी निसटली आहे किंवा जोड तुटला आहे. आवाजच नसेल तर बहुधा वीज पोहोचत नाही. दिवा उठतो पण रखडत, कण्हत उठतो, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते आणि मोटरवर नाहक आळही तिच्यामुळेच येतो.

एका परिचित मराठी कुटुंबाकडील गाडीचे उदाहरण देतो. उजवा दिवा अर्ध्यावर येऊन थांबत असे, पावसात तर मुळीच हलत नसे. एका गॅरेजने तपासणी न करता दोन्ही मोटरी बदलण्याचा अंदाजखर्च हातात ठेवला. आम्ही मल्टिमीटरची (व्होल्ट मोजणाऱ्या यंत्राची) एक पिन त्या बाजूच्या अर्थिंगच्या लगवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली (या गाडीची बॅटरी मागे डिकीत असते, त्यामुळे लांब वायर जोडावी लागते) आणि दिवा चालू करायला लावला. काटा दोन व्होल्टच्या वर गेला. तेथे एरवी व्होल्टचा एखादा-दुसरा दशांश दिसायला हवा. लग सोडवला तेव्हा त्याच्याखाली हिरवट-पांढरी पपडी धरलेली होती आणि ज्या पत्र्यावर तो बसवला होता, त्यावर गंज चढला होता. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठे चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जुनीच मोटर त्याच क्षणी पूर्ववत चालू लागली.

अर्थिंग ठीक असेल तर दांडी मोटरपासून सोडवून दिवा हाताने वर-खाली करून पाहावा. बिजागरीतले ग्रीस तीस वर्षांत वाळून घट्ट झालेले असते आणि मोटरचे सारे बळ ते ओढण्यातच खर्च होते. येथील थंडीत झाकणाच्या फटीत बर्फ धरतो, तेव्हा बटण पुन्हा पुन्हा दाबत बसणे म्हणजे फ्यूज उडवणेच होय. दिवा न थांबता सतत उघडमीट करत राहिला, तर मात्र आतल्या चकतीचे संपर्क किंवा रिले यांकडे वळावे. मोटरवरील रबरी टोपी फाटून पाणी आत गेले असेल, तर बहुधा तेथेच दोष सापडतो आणि उघडून साफ करण्याने तो जातोही. मोटर खरोखर उघडावी लागते, असे प्रकार अर्थात आहेत. कॉर्व्हेट सी-५ मध्ये मोटरमधील प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते झडतात आणि मोटर नुसती घरघरत राहते. तेथेही बहुतेक वेळा फक्त गिअर बदलून भागते.

आपल्या लेखात सुरक्षिततेचा उल्लेख नव्हता, तो प्रसिद्ध करावा ही माझी आग्रहाची विनंती आहे. दिव्याजवळ हात घालण्यापूर्वी बॉनेटखालील रिट्रॅक्टरचा, म्हणजे दिवे वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, ३० अँपिअरचा फ्यूज काढून ठेवावा. सैल संपर्क हलला की अडकलेली मोटर एकदम फिरते आणि झाकण व बंपर यांच्यामध्ये बोटे सापडतात. प्रवासात, रात्रीच्या वेळी दिवा वर येईना, तर तोच फ्यूज काढून, मोटरवरची रबरी टोपी उचलून, आतला गोल खुंट हाताने फिरवत दिवा पूर्ण वर आणता येतो. प्रकाशाचा फ्यूज वेगळा असल्यामुळे दिवा लागतोच, आणि काढलेला फ्यूज घरी पोहोचेपर्यंत परत बसवू नये, म्हणजे दिवा वरच राहतो.

आपला नम्र,
एक वाचक, बर्मिंगहॅम